कार्डावर नाव लिहू द्या

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या दप्तरातून एक गुलाबी कागद निघाला. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा इथल्या सरकारी शाळेत किंडरगार्टनला आहे. कागदावर वर्गातल्या २२ मुलांची नावं होती आणि खाली चार सूचना. व्हॅलेंटाइनची कार्डं आणायची तर सगळ्यांसाठी आणा, नाहीतर कोणालाच नको. खाऊ पाठवू नका. बुटांचा रिकामा खोका सजवून पाठवा, त्यात कार्डं गोळा होतील. आणि शेवटची सूचना अशी, की वाटप लवकर आटपावं म्हणून मुलांनी कार्डावर फक्त स्वतःचं नाव घालावं, ‘टू’पुढची रेघ कोरी ठेवावी.

पहिल्या तीन सूचना मला मनापासून पटतात. चौथी पटत नाही.

इथल्या शाळांत हा प्रकार कसा चालतो ते आधी सांगते, कारण ‘शाळेत व्हॅलेंटाइन डे’ म्हटलं की भारतातल्या घरच्यांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं. जानेवारीतच दुकानांत कार्डांचे खोके लागतात. एका खोक्यात २८ नाहीतर ३२ छोटी कार्डं, पत्त्याच्या पानाएवढी. डायनोसॉरची, मांजरींची, अंतराळवीरांची, आणि बऱ्याचदा टीचरसाठी एक वेगळं. पुढे चित्र, मागे दोन रेघा: कोणाला आणि कोणाकडून. १४ तारखेला दुपारी मुलं आपापले खोके टेबलावर मांडतात आणि फिरत फिरत प्रत्येकाच्या खोक्यात एकेक कार्ड टाकतात. मग थोडं कागदकाम, एखादं गाणं, आणि घरी. पोस्टमन-पोस्टमन खेळावं तसा हा खेळ असतो. त्यात प्रियकर-प्रेयसी कुठेच नसतात.

ते आणतो आपण मोठे. गेल्या वर्षी प्रीस्कूलमध्ये माझ्या मुलाची एका मुलीशी घट्ट मैत्री होती. दोघं मिळून वाळूत बोगदे खणायची. व्हॅलेंटाइननंतरच्या रविवारी आमच्याकडे काही मंडळी जेवायला आली होती. त्यातल्या एका काकांनी त्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, “काय रे, तुझी व्हॅलेंटाइन कोण मग? ती का?” सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो हसला नाही. सोमवारी त्याने तिच्याशेजारी बसायला नकार दिला आणि ‘मला मुली आवडत नाहीत’ हे वाक्य आमच्या घरात त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकू आलं. बोगदे बंद पडले. चार वर्षांच्या दोन मुलांची मैत्री मोडायला तेवढा एक प्रश्न पुरला, आणि तो शाळेने विचारला नव्हता.

म्हणून मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत, मुलं आत अक्षरं गिरवत असतात आणि आम्ही पालक बाहेर कॉफी घेऊन उभे असतो तेव्हा, “एवढ्याशा पोरांना कशाला ही थेरं?” असं कोणी म्हणालं की मी वाद घालते. पाच वर्षांच्या मुलासाठी व्हॅलेंटाइन म्हणजे चिठ्ठी लिहायची आणि नेऊन द्यायची, एवढंच. लिहायला नुकतंच शिकलेल्या मुलासाठी याहून चांगला उद्योग मला सुचत नाही. आपण सुलेखनाच्या वह्या भरून घेतो, त्यात लिहिलेलं कोणाकडेही जात नाही. इथे लिहिलेलं खरंच कोणाच्या तरी हातात पडतं.

‘सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही’ या नियमावरही पालकांत कुरकुर असते. मुलांना खोटं वागायला शिकवताय, जे आवडत नाहीत त्यांना कशाला कार्ड, असं अनेकांचं म्हणणं असतं. त्यांना मी आमच्या शेजारच्या बाईंची गोष्ट सांगते. बाई पंच्याहत्तरीच्या आहेत, पेनसिल्व्हेनियात वाढलेल्या. त्यांच्या लहानपणी वर्गात एकच मोठा खोका असायचा, टीचरच्या टेबलावर. मुलं वाटेल त्याला कार्ड लिहून त्यात टाकायची आणि १४ तारखेला टीचर एकेक कार्ड काढून नाव पुकारायची. ज्याचं नाव येईल त्याने उठून ते घ्यायचं. एका मुलीचं नाव इतक्या वेळा यायचं की शेवटी ती टेबलापाशीच उभी राहायची. त्याच वर्गात एक मुलगा होता. त्याच्या कपड्यांना वास येतो म्हणून त्याच्याजवळ कोणी बसत नसे. त्याचं नाव एकदाच आलं. ते कार्ड टीचरनेच लिहिलंय, हे अक्षरावरून सगळ्या वर्गाने ओळखलं. या गोष्टीला सत्तर वर्षं होत आली. बाईंना तो मुलगा अजून आठवतो, आणि आपणही त्याला कार्ड लिहिलं नव्हतं हेही.

आजचा नियम त्या खोक्याला दिलेलं उत्तर आहे. शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूल्समध्ये व्हिव्हियन पेली नावाच्या किंडरगार्टनच्या शिक्षिका होत्या. त्यांनी आपल्या वर्गात असाच एक नियम आणला: ‘तू आमच्यात खेळायचं नाहीस’ असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९२ साली निघालं. नियम लावण्याआधी त्या वरच्या वर्गांतल्या मुलांशीही बोलल्या. मोठ्या मुलांना नियम न्यायाचा वाटला, पण आमच्या वयात तो आता चालायचा नाही, असंही त्यांच्यातून निघालं. मला त्यातलं ‘आता’ महत्त्वाचं वाटतं. पाचव्या वर्षी मूल अजून तयार असतं. कोणाला आपल्यात घ्यायचं आणि कोणाला नाही याची सवय अजून हाडीमाशी मुरलेली नसते.

आणि वगळलं जाणं म्हणजे काय, हे आपल्या घरांना चांगलं माहीत आहे. माझ्या लहानपणी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत रोज कोणाकडे तरी हळदीकुंकू असायचं. बोलावणं करायला येणारी मुलगी दारात उभी राहून आईचं नाव घ्यायची, काकूचं नाव घ्यायची आणि पुढच्या घरी जायची. माझी आत्या चौतिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. तिचं नाव कोणी घेत नसे. त्या संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन बसायची. वाळवणं काढायला गेले होते, असं खाली आल्यावर सांगायची. जानेवारीत कसली वाळवणं?

पण त्याच सणात तिळगूळही होता. आम्ही मुलं डब्या घेऊन गल्लीभर फिरायचो आणि आत्याच्या हातावर पहिला तिळगूळ ठेवायचो. ज्यांच्याशी कट्टी असायची त्यांच्याही दारात जावं लागायचं, कारण आई विचारायची, “सगळीकडे दिलास ना?” कट्टी असलेल्या पोरापुढे उभं राहून ‘तिळगूळ घे, गोड बोल’ म्हणताना जीभ जड व्हायची. कधी बट्टी व्हायची, कधी दोन दिवसांनी पुन्हा कट्टी लागायची. त्यात खोटेपणा आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. सण होता, सगळ्यांना द्यायचं होतं. ज्याने मारलंय, छळलंय त्याच्याबद्दल मुलाच्या मनात राग असेल तर तो असू द्यावा, आणि त्याच्या कार्डावर गोड वाक्य लिहायची सक्तीही करू नये. नुसतं नाव पुरे. पण नाव हवं.

जानेवारीत मला वर्गात तिळगूळ पाठवायचा होता. जमलं नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा कायद्याने नववा मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ ठरला आहे, शेंगदाणे तर यादीत आधीपासूनच आहेत, आणि आमच्या वर्गातल्या एका मुलीसाठी नर्सच्या खोलीत एपिपेन, म्हणजे ॲलर्जीचा झटका आला तर द्यायचं इंजेक्शन, ठेवलेला असतो. त्या मुलीपुढे माझ्या हौसेची काय किंमत? म्हणूनच फेब्रुवारीतल्या कार्डावर माझा इतका जीव. तिळगुळाचं काम इथल्या वर्गात करू शकेल अशी ती एकच वस्तू आहे, आणि तिच्यावरचं नावच शाळा काढून घेते आहे.

‘टू’ची रेघ कोरी ठेवली तर काय होतं ते बघा. मूल टेबलाशी बसतं आणि २१ वेळा स्वतःचं नाव लिहितं. दुसऱ्या कोणाचा विचार त्याला एकदाही करावा लागत नाही. वर्गात गेल्यावर समोर येईल त्या खोक्यात वरचं कार्ड पडतं, खाली कोण बसलंय ते बघायचीही गरज उरत नाही. पेपरातून पडणारं हँडबिलही गल्लीतल्या प्रत्येक घरात पोचतं, म्हणून ते आपल्याला आलंय असं कोणाला वाटतं का? शेजारच्या बाईंच्या काळी कार्डावर नाव होतं, पण कार्ड सगळ्यांना नव्हतं. आता कार्ड सगळ्यांना आहे आणि त्यावर नाव नाही. पन्नास-साठ वर्षं खपून जो नियम आपण मिळवला, त्याचं फळ शेवटच्या वीस मिनिटांच्या घाईत हातचं जाऊ देतोय.

मी टीचरना लिहिलं. त्यांचं उत्तर सविस्तर आणि प्रेमळ होतं. वर्गात त्या एकट्या, मदतनीस फक्त सकाळी येते. मुलं नावं शोधत फिरायला लागली की अर्धा तास कुठे जातो कळत नाही, दोघं-तिघं रडायला लागतात, बसची वेळ होते. बरीच मुलं अजून वाचू शकत नाहीत. तुमच्या मुलाला नावं लिहायची असतील तर जरूर लिहू दे, वाटायची मात्र त्याची त्याने. यातलं एकही कारण खोटं नाही. २२ लहान मुलांना दुपारी दोन वाजता सांभाळणाऱ्या बाईला सल्ला देणं सोपं असतं, हे मी जाणते.

तरीही मला वाटतं की घाई होते कारण सगळं एका दुपारी कोंबलेलं असतं. रोज लिहायच्या तासाला चार-पाच नावं घेतली तर आठवड्याभरात यादी संपते. दोन पालक वाटपाला आले तर रडारड सावरता येते. आम्ही यायला तयार असतो, कोणी विचारत नाही. आणि मुलं वाचू शकत नाहीत म्हणावं, तर किंडरगार्टनच्या भिंतीवर सप्टेंबरपासून सगळ्यांची नावं ठळक अक्षरांत लावलेली असतात, ती कशासाठी? मूल पहिल्यांदा स्वतःचं नाव ओळखतं, मग मित्राचं. ‘कॅट’ आणि ‘मॅट’ नंतर येतात. नावं हाच त्यांचा पहिला धडा असतो.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादीला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी सहा नावं झाली आणि बोटं दुखायला लागली. एका नावात मध्येच आडवी रेघ होती, ती का, हे त्याला कळेना. एका मुलीच्या नावात दोन ‘एल’ शेजारी शेजारी होते, ती त्याला मजा वाटली. नवव्या नावापाशी तो थांबला.

“हा कोण?” असं म्हणून मग त्यानेच उत्तर दिलं, “हां, तो. तो बोलत नाही.”

डिसेंबरात नवीन आलेला मुलगा. घरी स्पॅनिश बोलतात. दोन महिने हे दोघं एकाच गालिच्यावर बसत होते. मी विचारलं, “त्याला डायनोसॉरचं देऊ या की मांजराचं?” त्याला सांगता येईना. “उद्या बघून ये,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो बसमधून उतरला तेच सांगत, “आई, त्याच्या बुटांवर शार्क आहे!” खोक्यात शार्कचं कार्ड नव्हतं. त्याने मांजराचं कार्ड उलटं करून मागे शार्क काढला, दात फार मोठे झाले म्हणून पुसला, पुन्हा काढला. नावातली सात अक्षरं लिहायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट शार्कला लागला. कोऱ्या रेघेने हे कधी घडलं नसतं. यादीतलं नाव त्याला अडवून उभं राहिलं, म्हणून त्याने त्या मुलाच्या पायांकडे बघितलं.

ज्या घरांत हा दिवस पाळत नाहीत त्यांचाही विचार करावा लागेल. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक व्हॅलेंटाइन डे पाळत नाहीत. अशा घरातलं मूल त्या दुपारी लायब्ररीत जाऊन बसतं, आणि सगळ्यांना सामावून घेण्याच्या नावाखाली एक जण बाहेर राहतो. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातल्या एका प्राथमिक शाळेने २०१६ साली अशाच विचाराने व्हॅलेंटाइनसकट काही सण वर्गात करणं बंद केलं, त्यावर बरीच ओरड झाली. मला तारखेचं काही पडलेलं नाही. वर्गात असं एक जरी मूल असेल तर हा उद्योग मार्चमध्ये न्या, त्याला ‘पत्रांचा आठवडा’ म्हणा, लाल बदाम काढून टाका. यादी तेवढी राहू द्या.

बदामांबरोबर दुकानही गेलं तर आणखी बरं. हा व्यापार आजचा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात एस्थर हाउलंड नावाची मुलगी १८४७ साली माउंट होल्योक या मुलींच्या शिक्षणसंस्थेतलं शिक्षण संपवून घरी आली आणि वडिलांच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या जोरावर तिने लेस लावलेल्या व्हॅलेंटाइन कार्डांचा धंदा उभा केला. बायकांना एका टेबलाभोवती बसवून एकीने कापायचं, दुसरीने चिकटवायचं अशी कामाची वाटणी केली, आणि १८८१ साली धंदा विकून टाकला. आज आकडे कुठल्या कुठे गेलेत. २०२५ साली अमेरिकेत या दिवसापायी २७.५ अब्ज डॉलर खर्च होतील, असा अंदाज नॅशनल रिटेल फेडरेशन या दुकानदारांच्या संघटनेने दिला होता. वर्गातही तो पैसा दिसतो. काही मुलांच्या पिशवीतून नुसतं कार्ड येत नाही, मुलाचा फोटो छापलेली पुडी येते, तिच्यात पेन्सिल, स्टिकर, स्लाइमची डबी. रात्री जागून हे सगळं आयांनी केलेलं असतं, मुलाने हातही लावलेला नसतो. खाऊवर बंदी आली तशी यावरही यावी. शाळेने प्रत्येकाला २१ कागद द्यावेत, एकाच मापाचे, आणि त्यावर जे काढायचं ते मुलाने काढावं.

पुण्यात माझी भाची प्ले स्कूलला जाते. तिथे १४ तारखेच्या सुमाराला ‘रेड डे’ असतो. लाल फ्रॉक, लाल फुगा, बदामाच्या आकाराचा सँडविच, आणि पालकांच्या ग्रुपवर फोटो. तीन वर्षांच्या मुलीला त्यात करण्यासारखं काय, तर उभं राहणं. याला विरोध म्हणून काही शाळांत त्याच दिवशी मातृ-पितृ पूजन होतं. मुलं ओळीने आईवडिलांचे पाय धुतात, त्याचेही फोटो निघतात. आईवडिलांबद्दल आदर हवाच. पण ज्याची आई गेलेली आहे किंवा वडील सोडून गेलेत ते मूल त्या ओळीत कुठे बसणार? या दोन्ही कार्यक्रमांत मोठ्यांचं एकमेकांशी भांडण चाललंय आणि मुलं सजावटीला आहेत. शेजारी बसणाऱ्या मुलाकडे बघ, त्याचं नाव नीट लिही, त्याला नेऊन दे, एवढं साधं काम दोन्हीकडे कोणी मुलांना दिलेलं नाही.

माझ्या मुलाचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. आपण मराठी माणसं ते इंग्रजीत डी, एन, वाय असं लिहितो, आणि इथे पहिल्याच दिवशी सगळ्यांची गाडी तिथे अडते. सप्टेंबरात हजेरी घेताना टीचर ‘डी’वर थांबल्या आणि त्यानेच घाईघाईने आपलं घरातलं टोपणनाव सांगून टाकलं. तेव्हापासून वर्गात तो त्या नावाने आहे. पूर्ण नाव फक्त त्याच्या टेबलावरच्या पट्टीवर आणि भिंतीवर.

१४ तारखेला त्याला त्याची कार्डं वाटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. टीचरनी त्याला थांबू दिलं. शार्कचं कार्ड मिळाल्यावर तो मुलगा काही बोलला नाही, त्याने बूट टेबलावर ठेवून दाखवला, म्हणे.

संध्याकाळी आम्ही त्याचा खोका जमिनीवर पालथा केला. जवळजवळ सगळ्या कार्डांवर ‘टू’पुढे काहीच नव्हतं. एकावर होतं. ज्या मुलीशी तो फारसा खेळत नाही, तिचं. जांभळ्या स्केचपेनने, रेघ सोडून खाली घसरत गेलेली त्याच्या पूर्ण नावाची अक्षरं. ‘एन’ उलटा होता, बाकी एकही अक्षर चुकलं नव्हतं. त्याने ते कार्ड बाजूला काढलं, बोटाने एकेक अक्षर वाचलं आणि मला विचारलं, “तिला कसं माहीत, डीनंतर एन येतो ते?”

“भिंतीवर बघून लिहिलं असेल,” मी म्हटलं.

“मग तिने किती वेळ बघितलं असेल?”